जुन्या डिझेल ट्रकची बॅटरी वारंवार उतरते: दोष बॅटरीत, अल्टरनेटरमध्ये की वायरिंगमध्ये?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. आमच्याकडे टाटा १६१३ हा सहाचाकी ट्रक आहे. तो २००५ चे मॉडेल असून प्रामुख्याने कोल्हापूरहून वाशीच्या बाजारात गूळ नेण्यासाठी वापरला जातो. इंजिन यांत्रिक फ्युएल पंपाचे आहे, त्यामुळे सेन्सर किंवा कॉम्प्युटरचा प्रश्न येत नाही. विद्युत व्यवस्था २४ व्होल्टची आहे, म्हणजे १२ व्होल्टच्या, प्रत्येकी १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत.

तक्रार अशी आहे की गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ इंजिन फिरवू शकत नाही, आणि मग उतारावर सोडून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून ती चालू करावी लागते. एकदा चालू झाल्यावर दिवसभर कोणताही त्रास होत नाही आणि रात्री हेडलाइटही स्वच्छ पडतात. बॅटरीच्या दुकानात दोन्ही बॅटऱ्या बदलण्याचा सल्ला मिळाला, तर एका वायरमनने अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारे यंत्र) काढून त्याची गुंडाळी नव्याने भरून घ्यावी असे सांगितले. दोघांनीही मीटर लावला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे, ती उपयोगी ठरेल म्हणून लिहितो: दोनपैकी एकाच बॅटरीचे पाणी झपाट्याने कमी होते आणि दुसरीचे जवळजवळ होतच नाही. ही गाडी आम्ही जुनी घेतलेली आहे. खर्च करण्याआधी नेमका दोष कसा शोधावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कराडकर वायरमन

दादा, आपण शेवटी लिहिलेली पाण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि माझ्या मते दोषाचा माग तिथूनच लागेल. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी बसवलेल्या असतील तर त्यांचे पाणीही साधारण सारखेच कमी व्हायला हवे. तसे होत नसेल, तर दोघींना मिळणारे चार्जिंग सारखे नाही.

आता कोणतीही वस्तू न बदलता पुढील मोजमापे करावीत. गाडी दिवसभर चालवून आणल्यावर हेडलाइट दोन-तीन मिनिटे लावून बंद करावेत, म्हणजे प्लेटांवर वरवर साचलेला चार्ज निघून जातो. त्यानंतर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सेल्फ मारण्याआधी डिजिटल मीटरने व्होल्टेज पाहावे. मीटर दोन्ही बॅटऱ्यांच्या बाहेरच्या टोकांना न लावता प्रत्येक बॅटरीला वेगळा लावावा, कारण २४ व्होल्टच्या गाडीत बहुतेक चुका दोन्हींची बेरीज पाहून निर्णय घेतल्यामुळे होतात. १२.६ किंवा त्याहून अधिक आले तर ती बॅटरी भरलेली समजावी, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या आसपास आले तर ती पाव भागच उरलेली आहे.

त्यानंतर हायड्रोमीटरने प्रत्येक बॅटरीच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आम्लाचा दाटपणा, पाहावी. पाणी घालण्याआधी पाहावी, घालून लगेच पाहू नये, कारण नवे पाणी वरच तरंगते आणि रीडिंग खोटे येते. आपल्या उष्ण हवेत भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी साधारण १.२४० ते १.२६० असते, बॅटरीसोबतच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण मानावा. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ५० पॉइंटांनी (म्हणजे ०.०५० ने) किंवा त्याहून खाली असेल तर तो सेल गेला. सहाही सेल सारखेच खाली असतील तर बॅटरी मेलेली नसून उपाशी आहे, आणि या दोन अवस्थांमधला फरक न पाहता बॅटरी भंगारात घालणे मला अजिबात पटत नाही.

शेवटी इंजिन चालू करून, रेस थोडी वाढवून, पुन्हा दोन्हींचे वेगवेगळे व्होल्टेज घ्यावे. बेरीज २७.५ ते २८.५ च्या दरम्यान यायला हवी. आकडे इथे लिहा.

जुना सारथी

एवढ्या खटाटोपाची गरज नाही. इंजिन चालू असताना बॅटरीचे एक टर्मिनल काढावे. इंजिन आणि दिवे चालू राहिले तर चार्जिंग ठीक आहे आणि दिवे गेले तर अल्टरनेटर खराब आहे. आम्ही आयुष्यभर घाटात, महामार्गावर असेच पाहत आलो.

कराडकर वायरमन

काका, आपल्या अनुभवाबद्दल मनापासून आदर आहे, तरीही ही पद्धत कोणी वापरू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती डायनामोच्या काळातली आहे आणि डायनामोला तिने सहसा इजा होत नसे. अल्टरनेटरचे तसे नाही. चालू चार्जिंगमध्ये बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळते. २४ व्होल्टच्या गाडीत ते १०० च्या पुढेही जाऊ शकते. त्या एका उसळीत अल्टरनेटरचे डायोड, व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि गाडीत बसवलेली इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे जळू शकतात. शिवाय यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन विजेवाचूनही फिरत राहते, त्यामुळे इंजिन चालू राहिले यावरून चार्जिंगबद्दल काहीच सिद्ध होत नाही. अशा उसळीच्याच भीतीने बॉडीवर वेल्डिंग करण्याआधी इंजिन बंद करून बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींची जोडणी सोडवावी.

घाटमाथा

सांगितल्याप्रमाणे मोजमापे केली. ज्या बॅटरीचे निगेटिव्ह चेसिसला जोडलेले आहे तिला खालची आणि जिचे पॉझिटिव्ह सेल्फकडे जाते तिला वरची म्हणतो.

सकाळी, सेल्फ मारण्याआधी, खालची १२.०३ आणि वरची १२.७८ व्होल्ट आली. खालच्या बॅटरीच्या सहाही सेलची ग्रॅव्हिटी १.१६० ते १.१७० दरम्यान आहे, एकही सेल वेगळा पडलेला नाही. वरच्या बॅटरीत ती १.२९० च्या आसपास आहे आणि पाणी प्लेटांच्या जेमतेम वर आहे. इंजिन चालू करून रेस वाढवल्यावर एकूण २७.९ व्होल्ट मिळाले. त्यात खालच्या बॅटरीच्या वाट्याला १३.१ आणि वरच्या बॅटरीच्या वाट्याला १४.८ आले.

सकाळची बेरीज २४.८१ होते. बाहेरच्या टोकांना मीटर लावला असता, तर बॅटऱ्या काहीशा उतरलेल्या आहेत एवढेच कळले असते.

तंत्रशिक्षिका

हे आकडे फार बोलके आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल विषय शिकवते आणि विद्यार्थ्यांना हाच मुद्दा समजायला सर्वांत कठीण जातो.

अल्टरनेटरच्या रेग्युलेटरला दोन बॅटऱ्या वेगळ्या दिसत नाहीत. त्याला दिसते ती केवळ बेरीज, आणि ती २८ च्या जवळ ठेवली की त्याचे काम संपते. ते काम तो चोख करत आहे. म्हणून अल्टरनेटर उतरवून भरून घेण्याचा सल्ला इथे लागू पडत नाही. प्रश्न त्या २७.९ च्या वाटणीचा आहे. खालची बॅटरी अर्धवट भरलेली असल्यामुळे १३.१ वरच रेंगाळते आणि उरलेले १४.८ निमूटपणे वरचीला सोसावे लागतात. पातळ आम्लाच्या बॅटरीत सुमारे १४.४ च्या पुढे पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन वेगाने होऊ लागते. वरचीचे पाणी म्हणूनच आटते, आणि पाणी आटल्यामुळे आम्ल दाट होऊन ग्रॅव्हिटी १.२९० दिसते. हा जास्तीचा आकडा आरोग्याचा नाही.

आता मूळ प्रश्न. एकामागे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्यांतून एकच करंट वाहतो. जेवढा वरचीतून जातो तेवढाच खालचीतून जायला हवा. तरीही खालचीच सतत उपाशी राहते आणि तिचे सहाही सेल सारखेच खाली आहेत, तर दोहोंच्या मधल्या जोडातून कोणीतरी करंट काढून घेत आहे असे मानावे लागते. पाटाला मध्येच मोरी फोडली तर शेवटच्या शेताला पाणी कमी पोचते, तसे हे आहे.

घाटमाथा, दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या जाड केबलच्या लगपाशी (टोकाच्या धातूच्या कडीपाशी) एखादी बारीक जादा वायर कसलेली आहे का, ते पाहावे.

कराडकर वायरमन

ताईंशी पूर्ण सहमत आहे. वायर सापडली तरी लगेच कापू नका, तिच्यातून गाडी बंद असताना किती करंट जातो ते आधी मोजा. सोपी युक्ती सांगतो. चावी आणि सर्व दिवे बंद करून चेसिसकडचे निगेटिव्ह सोडवा आणि मीटरची वायर १० अँपिअरच्या खाचेत घालून, मीटर सुटलेली केबल आणि बॅटरीचा खांब यांच्या मध्ये जोडून वाचा. हा झाला दोन्ही वाटांचा मिळून करंट, कारण २४ आणि १२ व्होल्टची सर्व उपकरणे शेवटी चेसिसमधूनच परत येतात. निगेटिव्ह पुन्हा जोडून तेच वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपाशी करा. तिथे फक्त २४ व्होल्टच्या उपकरणांचा करंट दिसेल. दोहोंतली वजाबाकी म्हणजे मधल्या जोडातून जाणारा करंट.

मीटर असा मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नये किंवा हेडलाइट लावू नये, मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर काहीही सोडवावे लागत नाही. मात्र स्वस्त क्लॅम्प मीटर बरेचदा केवळ एसी मोजतात, तेवढे पाहून घ्यावे.

घाटमाथा

वायर सापडली. बॅटरीच्या खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात, मधल्या लगच्या बोल्टखाली एक लाल वायर वायसर घालून कसलेली होती आणि तिच्यावर मातीचा व ग्रीसचा असा थर बसला होता की ती केबलचाच भाग वाटावी. चेसिसच्या पट्टीवरून ती केबिनमध्ये जाते. तिच्यावर गाण्यांचा डेक, त्याचा अँप्लिफायर, छोटा पंखा आणि मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट आहे. ही जोडणी आधीच्या मालकांच्या काळातली आहे. वाटेत कुठेही फ्यूज नाही आणि वायर चावीवरून न जाता थेट गेलेली आहे.

सर्व बंद असताना चेसिसकडच्या निगेटिव्हवर ०.३८ अँपिअर आणि वरच्या पॉझिटिव्हवर ०.०३ अँपिअर मिळाले. हे ०.०३ जीपीएस ट्रॅकरचे आहेत, तो २४ व्होल्टवर वेगळा जोडलेला आहे. म्हणजे मधल्या वायरवर ०.३५ अँपिअर रात्रंदिवस जातात. अँप्लिफायरची वायर काढल्यावर आकडा जवळजवळ शून्यावर आला.

तंत्रशिक्षिका

०.३५ अँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाचे २४ तास धरले तर ८.४ अँपिअर-अवर होतात आणि आठवडाभर गाडी उभी राहिली तर जवळपास ५९. शंभराच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक गेले, तेही एकाच बॅटरीतून. गाडी चालू असतानाही पंखा आणि डेक जेवढा करंट खातात तेवढा खालचीला कमीच मिळतो, त्यामुळे लांबच्या फेरीनंतरही ती पूर्ण भरत नाही. अशा अर्धवट अवस्थेत महिनोन्महिने राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिसाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि पुढे ते चार्जिंगनेही विरघळत नाहीत.

काही ठिकाणी दर महिन्याला दोन बॅटऱ्यांची अदलाबदल करण्याचा सल्ला देतात. त्याने दोन्ही बॅटऱ्या आळीपाळीने खराब होतात, दोष तिथेच राहतो. दोन्ही बॅटऱ्या गाडीतून सोडवून प्रत्येक वेगळी, १२ व्होल्टच्या चार्जरवर, सुमारे १० अँपिअरने भरून घ्यावी. वरचीत आधी डिस्टिल्ड वॉटर घालावे, मात्र चार्जिंगआधी प्लेटा बुडतील एवढेच, आणि उरलेले चार्ज झाल्यावर. आम्ल कधीही घालू नये. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, कारण निघणारा वायू एका ठिणगीनेही पेट घेतो.

गोदाकाठ

विषय निघालाच आहे तर विचारतो. आमची निफाडकडची गाडी दहाचाकी आणि जुनीच आहे. तिच्यात चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा लागत नाही, आणि रेस जोरात दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. एकदा सुरू झाले की २८ व्होल्ट मिळतात. अल्टरनेटर खराब समजावा का?

कराडकर वायरमन

नाही. आधी तो दिवा पाहा. पुष्कळांना वाटते की तो केवळ सूचना देतो, पण या जातीच्या अल्टरनेटरमध्ये रोटरला (आत फिरणाऱ्या भागाला) सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच मिळतो. चावी फिरवली की बॅटरीचा करंट दिव्यातून डी प्लस टर्मिनलवर आणि तिथून रोटरच्या गुंडाळीत जातो, लोहचुंबक तयार होते आणि इंजिन फिरताच वीज निर्माण होऊ लागते. बल्ब गेला, होल्डर गंजला किंवा डी प्लसची वायर तुटली तर रोटरमध्ये उरलेल्या किंचित चुंबकत्वावर अवलंबून राहावे लागते, आणि ते पुरेसे ठरायला रेस जास्त लागते. हल्ली डॅशबोर्डला एलईडी बल्ब लावण्याची पद्धत पडली आहे. एलईडीतून जाणारा करंट इतका कमी असतो की हाच दोष उद्भवतो. तिथे २४ व्होल्ट, ३ वॉटच्या आसपासचा साधा बल्ब लावावा.

याच्या उलट, गाडी चालू असताना तो दिवा मंद जळत राहिला तर आतील एखाद्या डायोडची शंका घ्यावी. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावला आणि इंजिन चालू असताना अर्ध्या व्होल्टहून अधिक आले, तर ती शंका बळकट होते.

जुना सारथी

वायरमनदादांचे म्हणणे पटले, टर्मिनल काढण्याची पद्धत यापुढे मी कोणाला सुचवणार नाही. एक अनुभव मात्र नोंदवतो. आमच्या एका गाडीत सेल्फ मारताना अॅक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसेल एवढी तापत असे आणि सेल्फ रडत असे. बॅटऱ्या नव्या होत्या. याचे कारण काय असावे?

कराडकर वायरमन

काका, ही फार मोलाची खूण आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे चेसिसशी त्याचा विद्युत संबंध केवळ एका विणलेल्या अर्थपट्टीने जोडलेला असतो. ती पट्टी तुटली, किंवा तिच्या बोल्टखाली रंग अथवा गंज असला, की सेल्फचे शेकडो अँपिअर मिळेल त्या धातूतून वाट काढतात, आणि अॅक्सिलरेटरची केबल ही त्यातलीच एक. बेअरिंगांमधूनही करंट जातो आणि त्यांनाही इजा होते.

घाटमाथा, आपणही हे एकदा तपासून घ्या. इंजिन बंद करण्याची नॉब ओढून धरायची, म्हणजे डिझेल मिळणार नाही आणि इंजिन चालू होणार नाही. मग एकाने काही सेकंद सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने मीटरची एक सुई खालच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लगवर नव्हे, आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ केलेल्या धातूवर टेकवावी. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थची बाजू सदोष आहे. त्याच वेळी बॅटऱ्यांची बेरीज साधारण १९ च्या खाली जाऊ नये.

घाटमाथा

दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या भरल्या, रात्रभर ठेवल्या आणि पुन्हा मोजल्या. खालची १२.५८ वर स्थिरावली आणि ग्रॅव्हिटी सहाही सेलमध्ये १.२४५ च्या आसपास आली. वरची १२.७० आहे. अर्थपट्टीवर सेल्फ मारताना ०.८ व्होल्ट मिळाले होते. बोल्ट काढून, पट्टी आणि चेसिस सँडपेपरने घासून पुन्हा कसल्यावर ते ०.२ झाले.

अनपेक्षित गोष्ट लोड टेस्टमध्ये, म्हणजे बॅटरीवर मोठा भार टाकून केलेल्या चाचणीत, दिसली. खालची बॅटरी १५ सेकंदांच्या ताणावर १०.१ व्होल्टवर टिकून राहिली, परंतु वरची, जी इतके दिवस चांगली वाटत होती, ती ८.७ पर्यंत कोसळली. आता काय करावे?

तंत्रशिक्षिका

हे अनपेक्षित वाटले तरी कारणाला धरूनच आहे. सतत १४.८ व्होल्ट सोसल्यामुळे वरच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह प्लेटांची जाळी गंजली आणि त्यावरचा क्रियाशील पदार्थ झडून तळाशी बसला. विनाताण व्होल्टेज आम्लाच्या दाटपणावर ठरते, म्हणून ते उत्तम दिसत राहते. क्षमता मात्र प्लेटांवर किती पदार्थ शिल्लक आहे यावर ठरते. ताणावर ९.६ च्या खाली जाणारी बॅटरी सेल्फला उपयोगाची नाही.

कराडकर वायरमन

वरची बदलावीच लागेल, आणि माझा सल्ला जोडी बदलण्याचा आहे. नवी आणि जुनी एकामागे एक जोडली तर दोघींची क्षमता वेगळी असल्यामुळे वाटणी पुन्हा विषम होते, मग वायर काढून टाकलेली असली तरी. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच महिन्यात तयार झालेल्या दोन घ्याव्यात. खालची वाया जाणार नाही. घरात ट्रॅक्टर असेल तर तो १२ व्होल्टचाच असतो, तिथे ती चालेल.

दुकानदाराने पहिल्याच दिवशी जोडी बदलायला सांगितली होती, असे कोणी म्हणेल. त्या दिवशी बदलली असती तर लाल वायर जागेवरच राहिली असती आणि नव्या जोडीचीही हीच गत झाली असती.

डेक, पंखा आणि चार्जर यांच्यासाठी २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवा. तो वरच्या पॉझिटिव्ह आणि चेसिसच्या मध्ये जोडला जातो, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार येतो. त्याचा पुरवठा बॅटरीजवळच फ्यूज घालून, चावीवर चालणाऱ्या रिलेवरून घ्यावा. अँपिअर मोजून निवडा. अँप्लिफायर मोठा असेल तर स्वस्तातला छोटा कन्व्हर्टर तापून जातो. मधल्या लगवर यापुढे कोणतीही वायर कसू देऊ नका, मग ती कितीही बारीक असो.

गोदाकाठ

आमच्याकडे खरोखरच एलईडी बल्ब निघाला. साधा बल्ब लावताच चावीवर दिवा लागू लागला आणि आयडलवरच चार्जिंग सुरू झाले. आपले आभार.

घाटमाथा

नवी जोडी आणि कन्व्हर्टर बसवला. गाडी काही दिवस उभी ठेवल्यानंतरचे रीडिंग खालची १२.६६ आणि वरची १२.६५ आहे, इंजिन चालू असताना दोघींना प्रत्येकी १४ च्या आसपास मिळतात आणि सेल्फ मारताना बेरीज २०.४ पर्यंत उतरते. हेडलाइट, वायपर आणि पंखा एकदम लावूनही चार्जिंग २७.६ वर टिकले. एकच शंका उरली आहे: बॅटरी काढताना कोणते टर्मिनल आधी सोडवावे याबद्दल आमच्याकडे दोन मते आहेत.

कराडकर वायरमन

चेसिसकडचे निगेटिव्ह आधी काढायचे आणि बसवताना तेच शेवटी लावायचे. ते आधी काढले की नंतर पॉझिटिव्हवरचा पाना चुकून चेसिसला टेकला तरी ठिणगी पडत नाही. उलट क्रमाने काम केले आणि पाना टेकला तर पूर्ण २४ व्होल्टचे शॉर्ट सर्किट होते, आणि नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर ते स्फोटाला पुरेसे आहे. बॅटरीला आवळणारी चौकटही नीट कसली आहे ना, ते पाहून घ्या, कारण आपल्या घाटरस्त्यांवरच्या हादऱ्यांनीही प्लेटांवरचा पदार्थ झडतो.